सीलंट, कडक भाकरी आणि दाढेच्या खाचा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,

शाळकरी मुलांच्या दाढांना सीलंट, म्हणजे दाढेच्या खाचा बुजवणारा राळेसारखा पातळ लेप, लावण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपल्या सात वर्षांच्या नातवाच्या चार दाढांना सीलंट लावावे असे एका दंतवैद्याने सुचवले आणि आपल्याला ते पटले नाही. कडक भाकरी खाऊन आणि कडुलिंबाच्या काडीने दात घासून आपल्या पिढीचे दात शाबूत राहिले, मुलाच्या तोंडात प्लॅस्टिक घालणे गैर आहे, त्याखाली कोंडलेले जंतू दात आतून पोखरतील आणि मुळात हा दंतवैद्यांनी काढलेला नवा धंदा आहे, असे आपले म्हणणे आहे. ‘सीलंट लावले की कीड लागत नाही’ या माझ्या वाक्यावरही आपण बोट ठेवले आहे.

या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तिथे आपले बरोबर आहे. ते वाक्य मी घाईत लिहिले आणि आता दुरुस्त केले आहे. अमेरिकेतील सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या म्हणण्यानुसार सीलंटमुळे दाढांमधील सुमारे ८० टक्के कीड दोन वर्षांपर्यंत टळते आणि चार वर्षांपर्यंत सुमारे ५० टक्के टळते. शिवाय सीलंट फक्त चावण्याच्या पृष्ठभागावरील खाचा बुजवते; दोन दातांच्या मधल्या फटीत लागणाऱ्या कीडीवर त्याचा काहीही उपयोग नाही. तिथे फ्लोराइडची टूथपेस्ट आणि गोड कमी खाणे हेच मुख्य उपाय आहेत.

आता भाकरीविषयी. आपल्या पिढीच्या आहारात साखर कमी होती आणि ती दिवसभर थोडी थोडी पोटात जात नव्हती, हे खरे श्रेय आहे. भाकरीच्या कडकपणाला ते मी तितकेसे देणार नाही. आज शाळेच्या डब्यात बिस्किटे असतात, सुटीत पाकिटातले चिकट पदार्थ असतात आणि संध्याकाळी गोळ्या-चॉकलेटे असतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी अजूनही घराघरांत आहे, पण ती रात्रीच्या ताटात. तोंडात साखर येते तेव्हा जंतू तिचे आम्ल करतात आणि ते आम्ल दातावरचे एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, विरघळवते. साखर किती खाल्ली याबरोबरच ती दिवसातून किती वेळा खाल्ली यालाही इथे महत्त्व आहे. काडीविषयी एवढेच म्हणेन की ती दातांच्या सपाट बाजू उत्तम साफ करते. दाढेच्या वरच्या खाचा मात्र पुष्कळदा ब्रशच्या एका केसापेक्षाही अरुंद असतात. तिथे ना काडी पोहोचते ना ब्रश, आणि मूल कितीही शहाणे असले तरी त्याला ते साधत नाही. सीलंटचे सारे प्रयोजन एवढेच आहे : मुलाच्या सवयींवर नव्हे, दाढेच्या ठेवणीवर केलेला तो उपाय आहे. (मिसरी लावल्याने दात घट्ट राहतात असेही आपण ओघात लिहिले आहे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू; त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.)

हा धंदा नवा नाही. १९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिले की एनॅमलवर थोडा वेळ फॉस्फोरिक आम्ल लावून ते धुतले तर त्यावर राळेसारखा पदार्थ पक्का बसतो. धातूवर रंग धरावा म्हणून कारखान्यांत आम्ल वापरतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. सोलापुरात सूत रंगवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको : सूत आधी उकळून, धुऊन घेतले नाही तर रंग धरत नाही. दंतवैद्य आजही बुओनोकोर यांचीच रीत वापरतात. दाढ साफ करून तिच्यावर आम्ल लावतात, धुतात, वाळवतात. पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसला की पातळ सीलंट खाचांत सोडतात आणि निळ्या दिव्याने ते कडक करतात. दात कोरला जात नाही, सुई टोचली जात नाही. या सगळ्यात लाळेचा एक थेंब आला तरी काम बिघडते, आणि ‘महिन्यात निघून गेले’ अशा तक्रारींचे मूळ बहुधा तिथेच असते.

जंतू कोंडले जाण्याची आपली भीती स्वाभाविक आहे. मलाही दंतवैद्यक शिकत असताना ती वाटली होती. पण खाचेत खड्डा पडलेला नसून कीडीची केवळ सुरुवात असेल, तर सीलंटखाली राहिलेल्या जंतूंना साखर मिळेनाशी होते, त्यांची संख्या घटते आणि कीड पुढे सरकत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. खड्डा पडला असेल तर मात्र सीलंट नको, दाढ भरूनच घ्यावी लागते. सीलंटचा तुकडा निघाला तरी दाढ मुळात सीलंट न लावलेल्या दाढेपेक्षा अधिक धोक्यात येत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी किंवा निदान वर्षाने तपासून गरजेप्रमाणे ते पुन्हा लावायचे. प्लॅस्टिकबद्दल म्हणाल, तर काही सीलंटमधून लावल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत बिस्फेनॉल ए हे रसायन अत्यल्प प्रमाणात लाळेत उतरू शकते. लावून झाल्यावर पृष्ठभाग पुसून घेतला आणि मुलाला चूळ भरायला लावली की तेही कमी होते.

धंद्याच्या आरोपातला अर्धा भाग मी नाकारत नाही. प्रत्येक मुलाच्या सगळ्या दातांना सरसकट सीलंट लावायला सांगणारे आहेत, आणि तिथे जाब विचारणे हा आपला हक्क आहे. परंतु वेळीच लावलेल्या सीलंटचा खर्च शेकड्यांत असतो, तर किडलेल्या दाढेचे रूट कॅनॉल आणि वरची कॅप हजारांत जाते, हेही हिशेबात धरावे.

आपल्या नातवाच्या चार दाढांविषयी मात्र आपला एक गैरसमज दूर करायला हवा. ‘दुधाचेच दात आहेत, पडतील’ असे आपण लिहिले आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली पक्की दाढ कोणताही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे निमूट उगवते. त्यामुळे ती दुधाची समजून कित्येक घरांत दुर्लक्षित राहते आणि दहाव्या वर्षी ठणकू लागते. ती पडणारी नाही. दुसरी पक्की दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास येते, म्हणजे आपण उल्लेखलेल्या तेरा वर्षांच्या नातीचीही तपासणी नातवाबरोबरच व्हायला हवी. यासाठी माझ्याकडेच यावे असे नाही. शासकीय रुग्णालयाच्या दंत विभागातही दाखवता येईल. नातवाची एखादी दाढ अजून अर्धी हिरडीखाली असेल, तर ती कोरडी ठेवता येत नाही. तेव्हा तिच्यावर तात्पुरते ग्लास आयोनोमर सिमेंट (थोडा ओलावा चालणारे, दात भरण्याचे सिमेंट) लावता येते का, हे तिथल्या दंतवैद्यांना अवश्य विचारावे.