तरुण तुर्कांचा ‘हंगेरियन सूत्रधार’: दावा आणि तारखा

ऑटोमन साम्राज्याच्या अखेरीची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास पुढे केला जातो. त्याचा सारांश असा: आर्मिनियस व्हांबेरी हा ज्यू घरात जन्मलेला हंगेरियन प्राच्यविद्यापंडित ब्रिटिशांचा पगारी हेर होता, तुर्की राष्ट्रवाद त्यानेच रचला, तरुण तुर्कांची, म्हणजे सुलतानाच्या एकहाती कारभाराला विरोध करणाऱ्या सुधारकांची, संघटना त्यानेच उभी केली आणि १९०९ मध्ये तिच्याकरवी सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदला गादीवरून खाली खेचले.

हेरगिरीचा भाग खरा आहे, आणि बाकीचा मजकूर त्याच्याच जोरावर खपतो. ब्रिटिश परराष्ट्र खात्याची २००५ मध्ये खुली झालेली कागदपत्रे सांगतात की व्हांबेरी लंडनला अहवाल पाठवी आणि त्याचे पैसे घेई. पण त्या अहवालांत असायचे काय? इस्तंबूलच्या यिल्दिझ राजवाड्यात सुलतानाशी झालेली बोलणी आणि रशियाच्या हालचाली. म्हणजे लंडनला त्याचा उपयोग होता तो सुलतानाच्या मर्जीतला माणूस म्हणून. मे १९०१ मध्ये ज्यू राष्ट्रवादी (झायोनिस्ट) चळवळीचा नेता थिओडोर हर्झल याला सुलतानाची भेट मिळाली तीही याच वशिल्याने. आपण इंग्लंडइतकेच तुर्कस्तानचेही गुप्त हस्तक आहोत, असे व्हांबेरीने सांगितल्याची नोंद हर्झलच्या रोजनिशीत आहे. अब्दुल हमीद गादीवरून गेला तर पहिला तोटा व्हांबेरीचाच होता.

संघटना उभी केल्याच्या दाव्यात तीन वेगवेगळ्या पिढ्यांची सरमिसळ आहे. लेखक नामिक कमालसारख्या, राज्यघटना मागणाऱ्या ‘तरुण ऑटोमनां’चा गट १८६५ चा. व्हांबेरी इस्तंबूलमध्ये राहिला तो १८५७ ते १८६१. त्यानंतर दरवेशाच्या वेशात खिवा-बुखारा-समरकंद, आणि १८६५ पासून पेस्टच्या विद्यापीठात अध्यापन. दुसरी पिढी मे १८८९ ची. इस्तंबूलच्या लष्करी वैद्यकीय विद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांनी गुप्त मंडळ काढले: इब्राहिम तेमो हा अल्बेनियन, अब्दुल्ला जेवदेत आणि इसहाक सुकूती हे कुर्द, मेहमद रशीद सर्केशियन. इटलीच्या कार्बोनारी या गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या धर्तीवर प्रत्येक सदस्याला शाखेचा आणि स्वतःचा मिळून अपूर्णांकासारखा क्रमांक असे, तेमो १/१. (तुर्की वंशवादाची संघटना म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते, तिच्या या चार संस्थापकांत वंशाने तुर्क एकही नाही.) वैचारिक उधारी शोधायचीच तर ती पॅरिसमध्ये सापडते. तिथे डिसेंबर १८९५ पासून ‘मेशवेरेत’ हे पत्र काढणारा अहमद रझा फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्त कॉम्तचा पक्का अनुयायी होता.

१९०८ ची क्रांती तिसऱ्या पिढीने केली: सप्टेंबर १९०६ मध्ये मॅसिडोनिया या ऑटोमन प्रदेशातल्या सलोनिका बंदरात (आजचे थेस्सालोनिकी) जमलेले तलातसारखे तार खात्यातले लोक आणि तिसऱ्या लष्कराचे कनिष्ठ अधिकारी. थकलेले पगार हे तिथले जुने दुखणे. ठिणगी पडली जून १९०८ मध्ये, रेव्हाल (आजचे टॅलिन) येथे ब्रिटनचा राजा आणि रशियाचा झार भेटले तेव्हा. आता मॅसिडोनिया आपल्या हातून जाणार, या भीतीने ३ जुलैला नियाझी बे हा लष्करी अधिकारी मॅसिडोनियातल्या रेस्ने येथून माणसे आणि शस्त्रे घेऊन डोंगरात शिरला. ७ जुलैला त्याच्यावर धाडलेल्या शेमसी पाशाला मनास्तिरमध्ये गोळी घातली गेली. २४ जुलैपर्यंत १८७६ ची राज्यघटना परत लागू झाली. ज्या उठावाला ब्रिटनच्या धास्तीने गती दिली, तो ब्रिटनच्या हेराने कशाला घडवावा?

राष्ट्रवादाच्या मुद्द्याला थोडा आधार आहे. उस्मानी घराण्याला भाईबंद तुर्की लोकांना एकत्र करून एड्रियाटिकपासून थेट चीनपर्यंत राज्य उभारता आले असते, असे व्हांबेरीने १८६० च्या दशकात आपल्या मध्य आशियाच्या प्रवासवर्णनात लिहिले. पण ती हुकलेल्या संधीबद्दलची टिप्पणी होती. ऐक्याचा प्रत्यक्ष कार्यक्रम रशियातल्या तुर्की मुसलमानांकडून आला: इस्माईल गास्प्रिन्स्कीचे १८८३ पासूनचे ‘तर्जुमान’ हे वृत्तपत्र क्रिमियातले, आणि उस्मानी, इस्लामी, तुर्की या तीन धोरणांची तुलना करणारा युसूफ अकचुराचा १९०४ चा निबंध कैरोत छापलेला, कारण इस्तंबूलच्या सेन्सॉरखाली तो निघणे शक्यच नव्हते. दोघांनाही रशियाच्या सत्तेखाली जगण्याचा अनुभव होता. तुर्की ऐक्य म्हणजे काय ते शिकायला बुडापेस्टला जायची गरज नव्हती. परकी ग्रंथांत वजन पडले ते लेओं काऊंच्या १८९६ च्या फ्रेंच इतिहासाचे. व्हांबेरीने मात्र १८९८ मध्ये पुस्तिका लिहिली ती चाळीस वर्षांत तुर्की समाज बराच पुढे सरकल्याचे सांगणारी, आणि दरबाराच्या आठवणी लंडनच्या मासिकात आल्या त्या १९०९ मध्ये, सुलतान पायउतार झाल्यावर.

राहिली पदच्युती. एप्रिल १९०९ मध्ये इस्तंबूलमध्ये तरुण तुर्कांविरुद्ध झालेल्या बंडानंतर महमूद शेवकेत पाशाचे सैन्य मॅसिडोनियातून इस्तंबूलला आले आणि २७ तारखेला शेखुल-इस्लाम या सर्वोच्च धर्माधिकाऱ्याच्या फतव्यासह संसदेने सुलतानाला पदच्युत करण्याचा निर्णय घेतला. तो कळवायला गेलेल्या चौघांत सलोनिकाचा ज्यू खासदार इमॅन्युएल कारासू होता. एवढ्यावरून ‘ज्यू कट’ रचला जातो. त्याच शिष्टमंडळातला अल्बेनियन एसाद आणि आर्मेनियन आराम यांची नावे वगळली जातात.

या कटकथेचा एक जुना दस्तऐवज ब्रिटिशांचाच आहे. इस्तंबूलमधला ब्रिटिश राजदूत जेरार्ड लाउथर याने २९ मे १९१० रोजी चार्ल्स हार्डिंजला, म्हणजे त्याच वर्षी भारताचा व्हाइसरॉय झालेल्या अधिकाऱ्याला, पत्र लिहून तरुण तुर्कांच्या मागे ज्यू आणि फ्रीमेसन (एका गुप्त बंधुसंघाचे सदस्य) असल्याचे कळवले होते. हे लोक ब्रिटनचेच हस्तक असते तर इस्तंबूलच्या ब्रिटिश वकिलातीला त्यांच्यामागचा हात असा चाचपडत शोधावा लागला नसता.