रेघ खय आसा, साहेब?

सकाळी उठल्या उठल्या एक रील समोर आलं. मालवणच्या पाण्याखालचं. प्रवाळ, रंगीत मासे, मागे बासरी, आणि शेवटी डायव्हरबुवांचा उपदेश: "हे वाचवायचं असेल तर इथली मासेमारी कायमची बंद करा." खाली माझ्याच यादीतल्या चौघापाचांचे बदाम. तेव्हापासून डोकं फिरलंय. लांबेल पोस्ट, आधीच सांगतो.

कायमची बंद करा म्हणे. कोणाची? किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांची? गळ टाकून एकटा गरवत बसलेल्या म्हाताऱ्याची? की रात्री एलईडीचा झगमगाट करून पाण्यातलं असेल नसेल ते उपसून नेणाऱ्याची? बुवांच्या लेखी सगळे एकाच माळेचे मणी.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे. क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर, त्यात तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा, म्हणजे सगळ्यात कडक राखीव भाग, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच टापूत. मच्छीमारांचा त्याला जुना विरोध आहे आणि शहरातली शहाणी माणसं त्यावरून त्यांना निसर्गाचे शत्रू ठरवून मोकळी होतात. वन्यजीव कायद्यात काय लिहिलंय ते मात्र कोणी वाचत नाही. अभयारण्यात समुद्र घ्यायचा तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज करून मगच हद्द ठरवा, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. मग! म्हणजे हा मान कोणी उपकार म्हणून द्यायचा नाहीये.

काही वर्षांपूर्वी मी काकांबरोबर अशाच एका हद्दीच्या सभेला गेलो होतो. कुठली, कोणाची ते सांगत नाही. पडद्यावर नकाशा, त्यावर लाल चौकोन, चारही कोपऱ्यांना अक्षांश-रेखांश, दशांशचिन्हापुढे चार-चार आकडे. सगळं इंग्रजीत. काका उठले. "साहेब, ही रेघ दर्यात खय आसा? जाळा मारताना माका दिसतली कशी?"

लोक हसले. साहेबही हसले. उत्तर कोणी दिलं नाही.

काकांचा समुद्र आकड्यांचा नाहीच. देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खांडीत आला की डावीकडे खडप, म्हणजे पाण्यातले खडक, तिथे जाळं टाकलं तर फाटणार. पुढे बारा वाव खोल पाणी, खाली चिखल. हे सगळं त्यांना तोंडपाठ. आता जीपीएस आलंय, पोरं मोबाईलवर बघतात, मान्य. तरी हद्दीवर तरंगत्या बोया लावायला काय जातं? जी हद्द दाखवता येत नाही ती मोडली म्हणून दंड कसा घेणार?

आणि सभेची वेळ सकाळी अकरा! त्या वेळी बायका मासळीच्या टोपल्या घेऊन बाजारात बसलेल्या असतात. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडपात उतरून कोयतीने कालवं काढणारी बाई तर कुठल्याच नोंदवहीत मच्छीमार नसते. होडी नाही, परवाना नाही. किनाऱ्याला चिकटून गाभा आखलात की पहिला घाव तिच्यावर पडतो, आणि सभेत तिचं नावसुद्धा निघत नाही. आम्हा सगळ्यांच्या मात्र आत शिरतानाच वहीवर सह्या घेतल्या. चर्चा व्हायच्या आधीच चर्चा झाल्याचा पुरावा तयार!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनने २०१० साली हिंदी महासागरातल्या चागोस बेटांभोवती अवाढव्य सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केलं, जगभर टाळ्या घेतल्या. तिथल्या मूळ रहिवाशांना याच ब्रिटनने अमेरिकी लष्करी तळासाठी आधीच हुसकावून लावलेलं. त्या बेटांवर हक्क सांगणारं मॉरिशस भांडलं आणि २०१५ साली आंतरराष्ट्रीय लवादाने ते क्षेत्र जाहीर करणंच बेकायदा ठरवलं. आता २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र राखायचा असं जगाने २०२२ मध्ये ठरवलंय. चांगलंच आहे. पण टक्का भरायची घाई झाली की नकाशे कसे रंगतात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

बरं, आमचे सगळे काही संत नाहीत. बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी आमच्यातलेही वापरतात, अंगठ्याएवढी पिल्लं टोपलीत येतात. आणि काही जागा पूर्ण बंद ठेवाव्याच लागतात, हेही खरं. झालं समाधान?

पण लोकांना हाताशी धरलं की काय होतं तेही बघा ना. फिलिपिन्सच्या आपो बेटावर १९८२ मध्ये गावकऱ्यांनीच किनाऱ्यालगतचा एक पट्टा मासेमारीला बंद केला. शास्त्रज्ञ सोबत होते, राखण गावाची. मासे वाढले. इतकं नाव झालं की पुढे सरकारने कारभार आपल्याकडे घेतला आणि गावकरी हिरमुसले, ती वेगळीच रडकथा. लांब कशाला, आपलं वेळास! २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावाला धरून कासवांची अंडी राखली, आणि आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणारे पर्यटक त्याच गावातल्या घरांत उतरतात. २०१८ मध्ये राज्याने जाळं कापून कासव, डॉल्फिन सोडणाऱ्याला भरपाई द्यायची ठरवली, २५ हजारांपर्यंत. तेव्हापासून पोरं पुरावा म्हणून सुटकेचे व्हिडिओ काढतात. आमच्या शेजारच्या पोराचा एक आहे माझ्याकडे. कासवाच्या पुढच्या पराला जाळ्याचा पीळ बसलेला, आणि हा कातडीला धक्का लागू नये म्हणून एकेक धागा सुरीच्या टोकाने उचलून तोडतोय, तोंडाने "रव रे, रव रे" चाललंय. त्याला कोणी बदाम दिले नाहीत.

असो. राग थोडा उतरला लिहिता लिहिता.

त्या सभेचं एक सांगायचं राहिलं. चहाच्या वेळी काकांनी आमंत्रणाच्या कागदामागे खाडीचं तोंड काढलं, त्याच्या दक्षिणेचं खडप काढलं आणि साहेबांना म्हणाले, इथे पिल्लं वाढतात, पावसाळ्यानंतर काही महिने ही जागा बंद ठेवा, आमच्या लोकांना मी सांगतो. एवढा मोठा लाल चौकोन आखून जे मिळणार नव्हतं ते हा माणूस आपणहून देत होता! बदल्यात एकच विचारलं: "रात्री बाहेरचो ट्रॉलर आत इलो तर फोन कोणाक करू? आणि कोण येतलो?" साहेब म्हणाले, ते आमच्या अखत्यारीत येत नाही, तुम्ही लेखी द्या.

तर पुढची सभा लावणाऱ्यांनी आधी तो फोन नंबर आणि रात्री सुटणारी गस्तीची बोट घेऊन यावं. नकाशा आणला नाहीत तरी चालेल.