पूर्वार्ध रेंगाळत नाही

या कादंबरीच्या परीक्षणात म्हटलंय, पूर्वार्धातली १९१३-१४ मधली साताऱ्याकडची प्रेमकथा रेंगाळते, कादंबरी खरी रंगते ती पुढं, पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियात (म्हणजे आजच्या इराकात). मला नेमकं उलटं वाटलं. पाणवठ्यावर ती घागर उगाच दोनदा विसळते, तो बैलांचं पाणी पिऊन झालं तरी हलत नाही. बास, एवढंच. आमच्याकडं तेव्हा यापेक्षा जास्त काय होणार होतं? पुढं तो लढाईवर गेल्यावर त्याची पत्रं गुरुजी चावडीवर मोठ्यानं वाचतात, म्हणून तिच्यासाठी त्यात काही नसतंच, फक्त 'तांबड्या गाईला जपा'. तिला कळतं ते. मी तिथं पुस्तक मिटून गप्प बसलो.

मेसोपोटेमियातल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेला वेढा मात्र उरकून टाकलाय. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, मराठा पलटणी आत अडकलेल्या, घोड्याचं मांस खायचं की उपाशी मरायचं हा पेच, आणि हे सगळं मोजक्या पानांत? अपशिंगे मिलिटरीसारखी, घराघरांतून माणसं फौजेत गेलेली गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या वाचकाला हे पुरत नाही हो. बाकी बोली अस्सल. पाटील तेवढे रागावले की पुणेरी बोलायला लागतात, ते खटकलं.