महिनाभर चाललेला बोर्ड आणि ६९ टक्के : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: टास्क (ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा चालणारी कामं) वेळेत संपायचे तर प्रोसेसरवर ६९ टक्क्यांपर्यंतच लोड हवा, ही मर्यादा १९७३ची, तुमच्या बोर्डवरचे तीन टास्क ९० टक्के लोड घेऊनही महिनाभर बिनतक्रार चालले, तेव्हा हे सिद्धांत पेपर छापण्यापुरतेच.

निम्मं पटलं. ही मर्यादा मांडणारे लिऊ आणि लेलँड, ती ओलांडली की डेडलाइन (काम संपवायची वेळ) चुकतेच, असं म्हणतच नाहीत. मर्यादेच्या आत असाल तर पुढचा हिशेब माफ, एवढंच. (तीन टास्कना ती ७८ टक्के असते, ६९ हा टास्क वाढत गेल्यावरचा आकडा.) बाहेर गेलात तर हिशेब करायचा. त्याची रीत १९८६ साली मथाई जोसेफ आणि परितोष पांड्या यांनी दिली. पांड्या आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होते.

तुमचेच आकडे घेऊ. क दर १० मिलिसेकंदांनी ३ मिलिसेकंद घेतो, ख दर १५ला ४, ग दर ३०ला १०; पुढची खेप येण्याआधी काम संपायला हवं, आणि आधी मान कचा, मग खचा, मग गचा. गचे १० धरा. तेवढ्यात क आणि ख एकेकदा येतात: १७. सतरात दोघंही दोनदा: २४. चोविसात क तिसऱ्यांदा: २७. पुन्हा मांडलं तरी २७च. म्हणजे ३०च्या आत, पास.

अडचण तुमच्या सेमाफोरमध्ये (सामायिक वस्तू एका वेळी एकाच टास्कला देणाऱ्या कुलुपात) आहे. ग आय-टू-सी बस (चिपना जोडणाऱ्या सामायिक तारा) ४ मिलिसेकंद धरून ठेवतो आणि क सुरू होताच तीच बस मागतो. मध्येच ख आला तर गला बाजूला सारून ४ खातो. मग कचे ४ + ४ + ३ = ११, डेडलाइन १०! महिनाभर हे दिसलं नाही, कारण तिन्ही टास्क एकाच टायमरवर एकदम सुटतात. क दहाव्याला अडकला तरी ग उशिरात उशिरा चौदाव्याला बस सोडतो, ख येतो पंधराव्याला. उद्या खला सेन्सरच्या इंटरप्टवर (सेन्सरने इशारा दिला की सुटेल असं) टाकलंत की हा योग कधीही जुळू शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुप्पट वेगाचा बोर्ड आणलात तरी १०० किलोहर्ट्झच्या बसवर एका बाइटला ९० मायक्रोसेकंद लागतातच.

फ्रीआरटीओएस या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बायनरी सेमाफोरला प्रायॉरिटी इनहेरिटन्स (वाट पाहणाऱ्याचा मान बस धरणाऱ्याला तात्पुरता मिळणं) नसतं, म्युटेक्स या दुसऱ्या कुलुपाला असतं. तेवढा बदल करा: क उशिरात उशिरा ७ मिलिसेकंदांत संपतो, ख १४मध्ये. खचं जरा काठावरच आहे.

आणि ३, ४, १० हे कमाल आहेत की सरासरी, ते कळवा. सरासरी असतील तर वरचा २७ बाद.