मजुरी सूर्य मावळायच्या आत

दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचा विषय निघाला की बायबलमधलं मलाखी ३:१० हमखास वाचलं जातं. त्याच अध्यायात पाच वचनं आधी, देव कोणाकोणाविरुद्ध साक्षीला उभा राहणार त्याची यादी आहे. जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे आणि त्यांच्याच रांगेत मजुराला मजुरीत नाडणारे. यावर उपदेश क्वचितच ऐकू येतो. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या ख्रिस्ती घरांत रोज मोडली जाणारी आज्ञा हीच आहे.

पगार बुडवायचा कोणाचाच इरादा नसतो, नुसता उशीर होतो. पण शास्त्र बोट ठेवतं ते उशिरावरच. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका, असं लेवीय १९:१३ सांगतं. अनुवाद या पुस्तकातलं २४:१५ कारणही देतं: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशाकडे लागलेला असतो. मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर कृपेचे उपदेश पुष्कळ होतात, पण धनी संध्याकाळीच कारभाऱ्याला मजुरी वाटायला सांगतो, ते याच नियमाला धरून.

आता आपलं घर. धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा पगार १ तारखेला ठरला असेल तर त्याच दिवशी, काम संपताना तो हातात पडला पाहिजे. "सुट्टे नाहीत, उद्या घ्या" इथे वचन मोडतं, म्हणून रक्कम आदल्या दिवशीच मोजून ठेवा. मोबाईलवरून पाठवत असाल तर खातं कोणाचं ते विचारा. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यात गेलेले पैसे ताईंपर्यंत पोचतीलच असं नाही. मे महिन्यात तुम्ही गावी गेलात तर तो त्यांचा खाडा नव्हे, पगार कापू नका.

रविवारचं तर बोलायलाच हवं. अनुवाद ५:१४ म्हणतं, तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. आपण उपासनेहून येतो, जेवायला पाहुणे असतात आणि दुपारी बेसिनमध्ये ताईंसाठी भांड्यांचा डोंगर. रविवारची सुट्टी भरपगारी द्या, आणि त्या दिवसाची भांडी घरच्यांनी घासा. खरकटी कढई, करपलेला कुकर सोमवारसाठी भिजत ठेवला तर सुट्टी दिली कुठे? दुप्पट काम पुढे ढकललं, एवढंच.

उचल दिलीत तर व्याज नाही, निर्गम २२:२५ त्याबाबत स्पष्ट आहे. ३,००० पगारावर ६,००० उचल दिली आणि महिन्याला १,००० कापले, तर सहा महिने त्या घरात २,००० च जातात. ५०० कापा, वर्ष लागू द्या. प्रत्येक हप्ता वहीत लिहा, ताईंना दाखवा. नोंद नसली की शेवटच्या दोन हप्त्यांवर वाद होतो, आणि त्यात हार नेहमी गरिबाची होते.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्येही हेच. नाताळच्या मंडपवाल्याला, झाडलोट करणाऱ्याला "देवाचं काम आहे, सावकाश देऊ" म्हणणारे मंडळीचे कारभारी पंच याकोब ५:४ विसरतात. तिथे अडवलेली मजुरीच ओरडते आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी पोचतो. बहुतेकदा अडतं ते चेकवरच्या दुसऱ्या सहीपाशी, खजिनदार गावाला गेलेले असतात. त्यामुळे काम ठरवतानाच पैसे बाजूला काढा आणि २४ डिसेंबरच्या आत चुकते करा. तेवढी रक्कम नसेल तर रोषणाई कमी करा.

राहिला निरोपाचा दिवस. दासाला मोकळं करताना रिकाम्या हाताने पाठवू नको. कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून उदारपणे दे, असं अनुवाद १५:१३-१४ सांगतं. ताई आठ वर्षं काम करून सोडून जात असतील तर जुनी साडी हातावर ठेवून भागवू नका. वर्षाला अर्धा पगार धरा: ३,००० पगार असेल तर १,५०० गुणिले ८, म्हणजे १२,०००. एकदम जड जात असेल तर आजपासून दरमहा १२५ रुपये त्यांच्या नावाने वेगळे टाकत जा.