डिग्री शिळी होते म्हणे!

'इंजिनिअरिंगची डिग्री पाच वर्षांत शिळी होते, पुढे सर्टिफिकेटंच कामाला येतात' हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. मी बडोद्यात कलाभवनला इलेक्ट्रिकल केलं, १९९१ ची बॅच (सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं, आता युनिव्हर्सिटीची फॅकल्टी आहे पण आमच्या तोंडी कलाभवनच). तेव्हा रिले (बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारं उपकरण) म्हणजे काचेमागे फिरणारी चकती, आता सेटिंग लॅपटॉपवरून टाकतात, पण नियम तोच, करंट जितका जास्त तितकं लवकर ट्रिप, म्हणजे वीज बंद.

मागच्या वर्षी मकरपुऱ्यात एका कारखान्यात नवीन सीटी (करंट मोजायचे छोटे ट्रान्सफॉर्मर) बसवल्यापासून ट्रान्सफॉर्मरचा डिफरन्शियल रिले (दोन्ही बाजूंचा करंट ताडून पाहणारा) लोड चढला की ट्रिप व्हायचा, सोबतच्या पोराकडे चार सर्टिफिकेटं, तो दोन तास सॉफ्टवेअरच चाळत बसला आणि मॅनेजर डोक्यावर उभा. मी चहाच्या बिलामागे व्हेक्टर (करंटची दिशा दाखवणारे बाण) काढले, तर एका बाजूच्या सीटींची पोलॅरिटीच, म्हणजे जोडणीची दिशाच, उलटी! लोड उतरवून वायरी फिरवल्या, झालं काम. पण खोटं कशाला बोलू, आयईसी ६१८५० (सबस्टेशनमधल्या उपकरणांनी नेटवर्कवर एकमेकांशी कसं बोलायचं त्याचं मानक) मला त्याच पोराने शिकवलं, तेही वयाच्या ५५ व्या वर्षी. एका रिलेकडून दुसऱ्याकडे सिग्नल न्यायला तांब्याची वायरच नाही, नेटवर्कवरून मेसेज जातो, हे पचायला मला दोन महिने लागले, आधी तर मल्टिमीटर लावायचा कुठे तेच कळेना.