‘ऑपरेशननंतर पीएसए वाढला म्हणजे दोन वर्षं’ : त्या मेसेजला उत्तर

प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल एक लांबलचक मेसेज सध्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. मुलुंडच्या आमच्या ग्रुपवरही तो येऊन गेला. खाली ‘परळच्या एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’ असं लिहिलंय, नाव मात्र कुणाचंच नाही. सांगणं थोडक्यात असं : गाठ काढल्यावर पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात ते, रक्ततपासणीत मोजलं जाणारं प्रथिन) पुन्हा वाढला म्हणजे कॅन्सर अंगभर पसरला, हाती दोन वर्षं, चाकू लागल्यामुळेच तो चवताळतो, पीएसए चारच्या आत असेल तर मात्र काही करू नका, आणि एकदा परत आल्यावर रेडिएशन म्हणजे पैसे आणि हाल. हे वाचून आमच्या सोसायटीतले एक काका रेडिएशनची तारीख रद्द करायला निघाले होते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘हाती दोन वर्षं.’ हा आकडा कुठून आणला ते मेसेजमध्ये नाही. ज्यांनी मोजलं त्यांचे आकडे उपलब्ध आहेत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी 1999 साली 1,997 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचं प्रोस्टेट काढलेलं. त्यातल्या 315 जणांचा पीएसए पुढे वाढला. त्यांच्यापैकी 304 जणांवर हाडांत किंवा इतरत्र कॅन्सर दिसेपर्यंत हार्मोनचे उपचार केलेले नव्हते. तरीही त्यांच्यात पीएसए वाढल्यापासून कॅन्सर पसरलेला दिसेपर्यंतचा अंदाजे मध्यक (मधला) काळ 8 वर्षांचा निघाला, आणि ज्यांच्यात तो पसरला त्यांच्यात तिथून मृत्यूपर्यंत आणखी 5 वर्षांचा. बहुतेकांच्यात त्या अभ्यासाच्या काळात तो पसरलेला दिसलाच नाही.

त्याच संस्थेच्या 2005 च्या अभ्यासात पीएसए वाढलेल्या 379 जणांकडे पाहिलं गेलं. नुसतं ‘परत आला’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही, हे त्यातून दिसलं. तीन गोष्टी पाहाव्या लागतात : पीएसए दुप्पट व्हायला किती महिने लागतात, ऑपरेशननंतर किती दिवसांनी तो वाढला आणि काढलेल्या गाठीचा ग्लीसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा) किती. दुप्पट व्हायला 15 महिने किंवा जास्त, वाढ तीन वर्षांनंतरची आणि ग्लीसन 8 पेक्षा कमी, अशा पुरुषांपैकी 15 वर्षांनंतरही प्रोस्टेट कॅन्सरने न दगावलेल्यांचं प्रमाण 100 तले 94 असं निघालं. उलट तीन महिन्यांच्या आत दुप्पट, वाढ तीन वर्षांच्या आतच आणि ग्लीसन 8 ते 10, असं असेल तर आजार खरोखर जीवघेणा असतो. हे मी लपवणार नाही. पण या दोन माणसांना एकच ‘दोन वर्षं’ सांगणं हा दोघांवरही अन्याय आहे. पहिल्याची झोप उडते आणि दुसरा, ज्याने तातडीने उपचार घ्यायला हवेत, तो हातपाय गाळतो.

‘चाकू लागला म्हणून चवताळला.’ नाही. ज्या पेशींमुळे पीएसए पुन्हा वाढतो, त्या बहुतेक वेळा ऑपरेशनच्या आधीच गाठीच्या बाहेर गेलेल्या असतात, कुठल्याही स्कॅनमध्ये न दिसण्याइतक्या थोड्या. ऑपरेशन उत्तम झालं तरी हे होऊ शकतं. त्यात रुग्णाचं काही चुकलेलं नसतं.

‘चारच्या आत असेल तर काही करू नका.’ सगळ्या मेसेजमध्ये मला सर्वांत जास्त भीती या वाक्याची वाटते, कारण ते दिलासा देतं आणि लॅबचा कागदही त्याला साक्ष देतो. रिपोर्टवर शेजारी छापलेलं असतं : 0 ते 4, नॉर्मल. ती मर्यादा ज्यांचं प्रोस्टेट जागेवर आहे त्यांच्यासाठी आहे. ते काढल्यावर काही आठवड्यांत पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवा. पुढे तो 0.2 किंवा त्याहून वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर डॉक्टर आजार परतला असं धरतात. म्हणजे 0.4 हा आकडा शेजारच्या काकांसाठी उत्तम आणि ऑपरेशन झालेल्या काकांसाठी लगेच डॉक्टर गाठायचा. चारची वाट पाहत बसलं तर उपचाराची सर्वांत चांगली वेळ निघून जाते. तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. इतक्या लहान आकड्यांत दोन मशीनमधला फरकही वाढीसारखा दिसतो.

‘रेडिएशन म्हणजे पैसे आणि हाल.’ इथे मेसेज सपशेल चुकतो. पीएसए नुकता वाढू लागतो तेव्हा बऱ्याच जणांत कॅन्सर फक्त प्रोस्टेटच्या रिकाम्या जागेतच असतो, आणि तिथे रेडिएशन दिलं तर तो कायमचा जाऊ शकतो. दुसरी संधी म्हणतात ती हीच. पीएसए 0.5 च्या वर जाण्याआधी सुरू केलेल्या उपचाराला जास्त यश येतं. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते शोधणाऱ्या स्कॅनमध्ये) काही दिसलं नाही म्हणून थांबायचं, असंही नाही. इतक्या कमी पीएसएला बऱ्याच जणांच्या स्कॅनमध्ये काही दिसतच नाही.

‘मग ऑपरेशननंतर लगेच का नाही दिलं, डॉक्टरांनी हयगय केली,’ असा एक टोमणाही मेसेजमध्ये आहे. 2020 मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. सरसकट सगळ्यांना लगेच रेडिएशन देण्यापेक्षा लक्ष ठेवून, पीएसए वाढताच देणं बहुतेकांसाठी तेवढंच चांगलं ठरलं, आणि कित्येकांचं रेडिएशन टळलं. थांबणं ही हयगय नव्हती. तपासण्या चुकवणं ही हयगय.

त्रास होतो का? होतो. सोमवार ते शुक्रवार, बहुधा सहा-सात आठवडे रोज जायचं. डोंबिवलीहून किंवा विरारहून परळला लोकलने ये-जा करणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ सांगायला नको. लघवीला जळजळ, वारंवार जाणं, शौचातून रक्त, लघवीवरचा ताबा आणखी सैल होणं, यातलं काही होऊ शकतं. हे आधी विचारून घ्या. पण ‘हाल’ या एका शब्दात बरं होण्याची शक्यता बुडवून टाकू नका.

पुढचे उपचारही आहेत. एका चाचणीत रेडिएशनसोबत दोन वर्षं बायकॅल्युटमाइड ही पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी दिलेल्यांपैकी 12 वर्षांनी 100 तले 76 हयात होते, न दिलेल्यांपैकी 71. हा फायदा मुख्यतः पीएसए जास्त असलेल्यांना झाला, त्यामुळे ती गोळी सगळ्यांसाठी नाही. पीएसए झपाट्याने दुप्पट होणाऱ्यांसाठी एन्झाल्युटमाइड या त्याच प्रकारच्या औषधाचे चांगले निकाल 2023 मध्ये आले.

आणि काही न करता फक्त लक्ष ठेवणं? वय ऐंशीच्या घरात, हृदयाचा जुना आजार, पीएसए दीड-दोन वर्षांत दुप्पट होणारा, अशा माणसासाठी तोही योग्य निर्णय असू शकतो. तो डॉक्टरांनी आणि घरच्यांनी समोरासमोर बसून घ्यायचा. त्यासाठी फाइलमध्ये ऑपरेशननंतरचा बायोप्सीचा मूळ रिपोर्ट आणि तारखांसकट पीएसएचे सगळे कागद असू द्या. दुप्पट व्हायचा वेग शेवटच्या एका आकड्यावरून काढता येत नाही.